मागच्या चाकाचे बेअरिंग घरी बदलता येईल का?

प्रश्न: ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला मागच्या डाव्या चाकातून घरघर ऐकू येते आणि उजवीकडे वळताना ती वाढते. हबसकट (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) बेअरिंग घरीच बदलावे काय?

उत्तर: उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर येतो, त्यामुळे आपले निदान योग्य वाटते. हब आणि बेअरिंग एकसंध असल्यास काम सोपे आहे. सुटे बेअरिंग मात्र प्रेसवरच (दाब देऊन बसवणाऱ्या यंत्रावरच) बसवावे, कारण हातोड्याचा ठोका चुकीच्या रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीवर) बसला की गोळ्यांचे खळगे तिच्यात उमटतात आणि नवे बेअरिंगही घरघरू लागते.

उत्तर: हँडब्रेक सोडायचा विसरल्यामुळे मी ब्रेकचा ड्रम काढण्यासाठी तासभर ठोकत बसलो होतो! पुढच्या चाकांना दगड लावूनच हँडब्रेक सोडावा. हबचा नट नवा घ्यावा आणि मॅन्युअलमधील टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माझ्या गाडीचा हब एकसंधच आहे.