व्हील लोडरचा आउटपुट स्पीड सेन्सर नवीन टाकला तरी कोड जात नाही

यार्ड_मेंटेनन्स, कागल
नमस्कार मंडळी. आमचा व्हील लोडर इकडं एका साखर कारखान्यावर बगॅस (उसाचा चोथा) यार्डात भाड्यानं लावलाय. सकाळी गार असतंय तोवर एकदम व्यवस्थित चालतो, मशीन तापलं की भरलेलं बकेट घेऊन वळताना अचानक झटका देतो, गिअर दुसऱ्यातच अडकून राहतो आणि डिस्प्लेवर स्पीड शून्य दाखवतो. कोड एसपीएन (कुठला भाग) १९१ एफएमआय (बिघाड कसला) २. चावी बंद करून चालू केली की परत ठीक, मग थोड्या वेळानं परत तेच. आउटपुट स्पीडचा सेन्सर तीन वायरचा आहे, ओरिजिनल नवीन आणून टाकला, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर पण बदललं, सीझनच्या आधी स्टिअरिंगचे होस (तेलाचे रबरी पाइप) पण बदलून घेतलेत. आता सर्व्हिसवाला म्हणतोय कंट्रोलर (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) गेला असंल. त्याची किंमत ऐकून मालक नको म्हणतायत आणि इकडं बॉयलरला बगॅस कमी पडली की कारखान्यातनं फोनावर फोन. नेमकं कुठनं बघायला सुरू करू सांगा.

शिरोली_ऑटोइलेक्ट्रिक
कंट्रोलरला अजून हात लावू नका. १९१ म्हणजे ट्रान्समिशनचा आउटपुट शाफ्ट स्पीड, एवढंच त्यातनं कळतं, सेन्सर खराब आहे असं तो कोड म्हणत नाही. एफएमआय कडे जास्त बघा. ३ किंवा ४ असता तर व्होल्टेज जास्त किंवा कमी, ५ असता तर सर्किट तुटलेलं, २ म्हणजे सिग्नल येतोय पण मधेच अवसानघात करतोय, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. असला फॉल्ट बहुतेक वेळा वायर, कपलर (वायरचा कनेक्टर) नाहीतर गॅपमध्ये (सेन्सरचं टोक आणि गिअरचा दात यातलं अंतर) सापडतो.

तीन वायरचा म्हणजे बहुतेक हॉल टाइप, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला. त्याचा ओहम मोजू नका, त्यातनं काही कळत नाही, उलट मीटरनं आतलं सर्किट बिघडू शकतं. ओहम मोजायचं ते दोन वायरच्या कॉइलवाल्या सेन्सरला, आणि ते पण गरम असताना मोजायचं कारण कॉइल गार असताना नीट दाखवते आणि तापली की ओपन होते. तुमच्या सेन्सरला आधी सप्लाय आणि अर्थ बघा, सर्किट डायग्राममध्ये किती व्होल्ट लिहिलेत ते बघून, कारण कुठं ५ असतात कुठं ८ तर कुठं २४. मग सेन्सर बाहेर काढा, खाली भांडं धरा तेल येईल, कपलर जोडलेलाच ठेवून इग्निशन ऑन करा, इंजिन बंद, आणि टोकासमोरनं स्क्रूड्रायव्हर पुढं मागं न्या. सिग्नल वायरवर व्होल्टेज वर खाली झालं पाहिजे. हेच माप परत कंट्रोलरच्या पिनवर घ्या. सेन्सरपाशी येतंय आणि कंट्रोलरपाशी येत नाही म्हटलं की मधली वायर. वायर टोचून माप घेऊ नका, कपलरच्या मागनं बारीक पिन घाला, टोचलेल्या जागी पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच हिरवं पडतं.

जुना_फिटर
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, माझं थोडं मेकॅनिकल बाजूचं. सेन्सर काढला की टोक बघा, लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसून परत बसवून मोकळं होऊ नका, तो कीस कुठनं आला ते शोधा. आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असला तर लोडवर गिअर हलतो आणि गॅप कमी जास्त होतो, प्रोपेलर शाफ्ट हातानं वर खाली करून बघा.

गॅप मॅन्युअलमध्ये असेल तोच ठेवायचा. आटे १.५ पिचचे असतील तर एका फेऱ्याला दीड मिलिमीटर, अर्ध्या फेऱ्याला पाऊण. पण बसवताना टोकाखाली दात आला पाहिजे. दोन दातांच्या मधल्या खाचेत टेकवून गॅप धरला तर मशीन हललं की पहिलाच दात सेन्सरचं टोक उडवतो.

आणि एक महत्त्वाचं. सेन्सर खरं बोलत असेल आणि क्लच प्लेट घसरत असतील तरी गिअर रेशोचे कोड येतात. स्कॅनरवर टर्बाइन स्पीड (गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टचा) आणि आउटपुट स्पीड (बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा) शेजारी शेजारी लावून बघा. प्लेट घसरते तेव्हा दोन्हीतलं अंतर हळूहळू वाढत जातं. वायर तुटते तेव्हा आउटपुट एका झटक्यात शून्यावर येतो. दहा बारा टनाचं मशीन चालता चालता डोळ्याची पापणी लवायच्या आत शून्यावर थांबू शकत नाही, म्हणजे तो आकडा खोटा.

चाकं उचलून चालवून बघायचा विचार असेल तर एकच ॲक्सल उचलू नका. दोन्ही ॲक्सलला ड्राइव्ह असतो, जमिनीवरची चाकं मशीन जॅकवरनं ओढून नेतात. माणसं मेलीत असल्यानं. त्यापेक्षा मोकळ्या यार्डात स्कॅनर लावून चालवा, एकजण शेजारी स्क्रीन बघत.

यार्ड_मेंटेनन्स, कागल
धन्यवाद दोघांना. सप्लाय बरोबर आहे, स्क्रूड्रायव्हरनं सिग्नल दोन्हीकडं व्यवस्थित येतो, टोक स्वच्छ होतं, प्ले नाही, गॅप मॅन्युअलप्रमाणं. लाइव्ह डेटा लावून चालवलं, टर्बाइन स्पीड नीट चालू आणि आउटपुट एकदम शून्य, लगेच परत येतो. म्हणजे क्लच नाही हे नक्की. पण उभ्या मशीनवर काहीच सापडत नाही. तापल्यावरच होतंय म्हणून हीटचाच काहीतरी विषय वाटतोय, रेडिएटरला बगॅस चिकटून टेम्परेचर पण वर जातं.

ऑपरेटर_गगनबावडा
मी मेकॅनिक नाही, लोडर चालवतो. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये वळताना म्हणलाय त्याकडं कुणी बघितलं नाही. कुठल्या बाजूला वळताना होतं, का दोन्हीकडं? आणि होस बदललेत म्हणता, ते बदलताना हार्नेसच्या (वायरच्या जुडग्याच्या) क्लिपा काढल्या असतील, त्या परत बसवल्या का? आमच्या क्रशरवर असंच झालं होतं, पूर्ण वळवलं की स्टिअरिंगचा होस फुगून सरकायचा आणि शेजारची वायर दाबायचा. गार असताना होस कडक असतो, तापला की मऊ पडतो आणि जास्त सरकतो. बगॅसमध्ये उंदीर पण असतात, वायर कुरतडलेली आहे का ते पण बघा.

शिरोली_ऑटोइलेक्ट्रिक
हे फार मोलाचं सांगितलंत. मशीन तापवा, आर्टिक्युलेशनपासनं (मशीन वळतं तो मधला सांधा) लांब उभं राहून ऑपरेटरला जागेवरच डावीकडं उजवीकडं पूर्ण वळवायला सांगा आणि स्क्रीनवर बघा. वळलेल्या मशीनच्या मधल्या जागेत माणूस जायचा नाही, हात घालायचा असेल तर इंजिन बंद आणि लॉक बार (सांधा वळू न देणारा दांडा) लावूनच.

यार्ड_मेंटेनन्स, कागल
सापडलं! फक्त डावीकडं वळल्यावर. उभ्या मशीनवर आउटपुट शून्यच असतो म्हणून स्क्रीनवर काही दिसेना, मग सिग्नल वायरला मीटर लावून डावीकडं वळवलं तर व्होल्टेज कोसळलं. लॉक बार लावून खाली बघितलं तर हार्नेस नव्या होसला टेकून ब्रॅकेटच्या धारेवर घासला होता, सिग्नलच्या वायरचं तांबं उघडं पडून बॉडीला लागत होतं. क्लिपा दोन गायब. ऑपरेटर दादा, तुमच्यामुळं कंट्रोलरचा खर्च वाचला. आता तात्पुरतं टेप मारून चालू केलंय.

शिरोली_ऑटोइलेक्ट्रिक
टेप ठेवू नका, तेलानं आणि उष्णतेनं सुटतो. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, मग कोरुगेटेड पाइप. हार्नेस होसला केबल टायनं बांधू नका, होस हलला की तो पण हलणार, फ्रेमला वेगळी क्लिप मारा. ब्रॅकेटची धार फाइलनं मारून घ्या. आणि क्लिपसाठी वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरी सोडा, कंट्रोलरचे कपलर काढा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा.