विषय: युनिट ६१ चा एल्क टॅग, तिघांचे पॉइंट १६, ९ आणि २

प्रेषक: निखिल

मंडळी, नमस्कार.

कोलोराडोच्या युनिट ६१ या शिकारक्षेत्रात, म्हणजे अनकंपाग्रे पठाराच्या पश्चिम अंगाला, पहिल्या रायफल हंगामात बुल एल्कच्या (एल्क हे मोठं हरीण, बुल म्हणजे नर) टॅगसाठी, म्हणजे एक जनावर मारायच्या परवान्यासाठी, अर्ज करायचा विचार आहे. आम्ही तिघं टेक्सासचे, म्हणजे तिथे बाहेरचे. टॅगच्या सोडतीत (ड्रॉमध्ये) प्राधान्य देणारे, वर्षाला एक असे जमणारे एल्कचे पॉइंट १६, ९ आणि २. दोन पॉइंटवाला एच-१बी वर आहे, बाकी दोघांचं ग्रीन कार्ड झालंय. ग्रुप अर्ज करावा की वेगवेगळा? आणि टॅग लागलाच तर ऑक्टोबरच्या आधी काय काय उरकून ठेवावं?

निखिल

प्रेषक: सुहास

निखिल, ग्रुप अर्ज अजिबात नको. कोलोराडोत ग्रुपमधल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचा आकडा सगळ्यांना लागतो. वायोमिंगमध्ये सरासरी काढतात, इथे तसं नाही. म्हणजे तुमचा १६ वाला एका क्लिकमध्ये २ वर येऊन बसेल.

आधी सीपीडब्ल्यूच्या (कोलोराडोच्या वन्यजीव खात्याच्या) साइटवरून एल्कच्या ड्रॉ रीकॅपच्या, म्हणजे सोडतीच्या निकालाच्या, पीडीएफ उतरवून घे, मागच्या तीन वर्षांच्या. त्यात ई-एम-०६१-ओ१-आर हा कोड शोध. ई म्हणजे एल्क, एम म्हणजे नर, मग युनिट, ओ१ पहिला हंगाम, आर रायफल. त्या पानावर रहिवाशांचे आणि बाहेरच्यांचे आकडे वेगवेगळे असतात. घाईत लोक रहिवाशांचा रकाना वाचतात आणि उगाच खूश होतात. तुला बघायचंय ते बाहेरच्यांचा शेवटचा टॅग किती पॉइंटवर संपला, आणि त्या पॉइंटच्या किती जणांपैकी किती जणांना मिळाला.

तो आकडा दर वर्षी एकाने वर चढत असेल तर १६ वाल्याचं आणि टॅगचं अंतर कधीच मिटत नाही, कारण तोही वर्षाला एकच पॉइंट कमावतो. यालाच पॉइंट क्रीप म्हणतात. अंतर एक-दोनाचं असेल तर थांबण्यात अर्थ आहे. चार-पाचाचं असेल आणि तीन वर्षांत तसूभर हललं नसेल तर त्याच युनिटच्या उशिराच्या हंगामांचे कोड बघ, नाहीतर दुसरं युनिट धर. मुदत ठेवीसारखे पॉइंट धरून बसणाऱ्यांना ठेव मोडायचा मुहूर्त सापडत नाही, आणि तोवर गुडघे जातात.

९ वाल्यानं स्वतंत्र अर्ज करावा. ज्या कोडला तीन वर्षांच्या सरासरीनं रहिवाशांना १० किंवा जास्त पॉइंट लागतात, त्यातले २० टक्क्यांपर्यंत टॅग हायब्रिड ड्रॉमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. अट एवढीच की किमान ५ पॉइंट हवेत आणि तो कोड पहिल्या पसंतीला हवा. आशा फार धरू नका, पण फुकट मिळणारी संधी सोडूही नका.

२ वाल्यानं पहिल्या पसंतीला पॉइंटचा (टॅग नको, फक्त पॉइंट जमवायचा) कोड टाकावा, ई-पी-९९९-९९-पी, आणि दुसऱ्या पसंतीला जिथे टॅग उरतात असं एखादं युनिट. पॉइंट शून्यावर येतात ते फक्त पहिली पसंती लागली तर. दुसऱ्या पसंतीचा टॅग मिळाला तरी पॉइंट शाबूत राहतात.

वेळापत्रक: अर्ज मार्चपासून, मुदत एप्रिलचा पहिला मंगळवार, रात्री ८, माउंटन वेळ. अर्जाआधी पात्रता लायसन्स घ्यावं लागतं, त्यासाठी वार्षिक स्मॉल गेम (लहान जनावरांच्या शिकारीचं) लायसन्स चालतं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, कुठल्याही राज्याचं चालतं. निकाल मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. टॅगचे आठशेच्या वर डॉलर तेव्हा कार्डावरून कापले जातात. दरम्यान कार्ड बदललं असेल तर पैसे भरायला दिलेली तारीख चुकवू नका, टॅग जातो आणि पॉइंटही जातात. जूनमध्ये गावाला जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

सुहास

प्रेषक: मीनल

सुहासकाका, एच-१बी चा मुद्दा राहिला, आणि चुकला तर तोच सगळ्यांत महागात जाईल.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. सुटका एका अपवादानं होते: अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स जवळ असणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

निखिल, तुमचा तिसरा मित्र "मी फक्त सामान वाहायला येतो" म्हणून आला, आणि कुंपण ओलांडताना कुणी त्याच्या हातात रायफल दिली, तर त्या क्षणी ती त्याच्या ताब्यात असते. रेंजवर सरावाला उचलली तरी तेच. म्हणून त्यानं टॅगचा नाद केला नाही तरी स्मॉल गेम लायसन्स घ्यावंच. कोलोराडोचं लायसन्स १ मार्च ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतं, म्हणजे ड्रॉसाठी घेतलेलंच ऑक्टोबरात कामाला येतं. छापील प्रत खिशात ठेवा, तिथे फोनला रेंज नसते. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला आधी एक मेल टाका.

शिवाय टॅग ज्याचा, गोळी त्याची. दुसऱ्याच्या टॅगवर जनावर पाडणं हा गुन्हा आहे, मग तो सख्खा भाऊ का असेना.

मीनल

प्रेषक: धनंजय

निखिल, टॅग लागला असं धरून चालतो.

पठाराच्या माथ्यावरून डिव्हाइड रोड जातो, उंची साधारण ९ हजार फूट. वर अ‍ॅस्पन आणि स्प्रूस, खाली पाँडेरोसा आणि ओकची झुडपं, अजून खाली दऱ्यांच्या तोंडाशी पिन्यन-जुनिपर. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार दिवस काढून एकदा जाऊन या. एल्क शोधायला नव्हे, ते तोवर जागा बदलतात. कुठली वाट गेटनं बंद आहे, कुठल्या तळ्यात पाणी टिकतं आणि दुर्बीण लावून बसायला कुठल्या कड्यावरून समोरचा उतार दिसतो, एवढं बघायला. ऑनएक्स या अ‍ॅपवरचे नकाशे ऑफलाइन उतरवा. खासगी जमिनीवर पाटी नसली तरी परवानगी लागते. नकाशात निळी दिसणारी स्टेट ट्रस्टची जमीनही आपोआप खुली नसते, सीपीडब्ल्यूच्या योजनेत असेल तरच.

पहिला हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला आणि फक्त ५ दिवसांचा. दोन दिवस आधी पोचून उंचीची सवय करा. डॅलसहून पंधरा तास गाडी हाणून दुसऱ्या पहाटे चढाई केली की डोकं धरतं आणि पहिला दिवस तंबूत जातो.

सकाळी थंड हवा दरीत उतरते, नऊ-दहाच्या सुमाराला ऊन लागलं की उलटी वर चढते. म्हणून पहाटे वरून खाली उतरत शिकार करू नका, तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. या दिवसांत माज ओसरलेले मोठे बुल कळपापासून सुटून उत्तरेकडच्या दाट झाडीत पडून राहतात. पहिला आणि शेवटचा एक तास दुर्बीण, मधल्या वेळी त्या झाडीत अगदी सावकाश. गोळी झाडायची कायदेशीर वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास.

रायफलला किमान ६ मिमी व्यास आणि एल्कसाठी ८५ ग्रेन वजनाची गोळी हा कायदा झाला. व्यवहारात .३०-०६ किंवा ७ एमएम मॅग्नम, बाँडेड गोळी (शिसं आवरणाला घट्ट जोडलेली), २०० यार्डांवर झीरो, म्हणजे नेम तिथे जुळवलेला. प्रवासानंतर तिथे पोचून तीन गोळ्या कागदावर झाडून बघा, गाडीत स्कोप हलतो. अंगावर ५०० चौरस इंच फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी, डोक्यावरही. कॅमोची नक्षी असलेलं नारिंगी धरत नाहीत.

आता मांस, कारण खरी योजना इथे लागते. प्रौढ बुलचं हाडं काढलेलं मांस साधारण २०० पाउंड. ५० पाउंडाची खेप धरली तर चार खेपा. गाडीपासून अडीच मैलांवर एकट्यानं पाडलं तर चार वेळा भरलेलं आणि तीन वेळा रिकामं, म्हणजे साडेसतरा मैल चाल. तिघांत दोन फेऱ्यांत उरकतं. त्यामुळे बाकी दोघांना टॅग नसला तरी त्यांचं येणं हीच तुमची सर्वांत मोठी तयारी. गाडीपासून किती मैल आत जायचं ते या हिशेबानं ठरवा, हौसेनं नव्हे.

पोट न फाडता सोलायची पद्धत शिकून घ्या. जनावर कुशीवर, कातडं पाठीच्या कण्यापासून पोटाकडे सोलत आणायचं. पुढचा फरा हाडाच्या सांध्याविना नुसत्या स्नायूंनी जोडलेला असतो, तो वर ओढून धरला की सुरी आपोआप वाट काढते. मागच्या मांडीला खुब्याच्या वाटीपर्यंत जा, सुरीचं टोक वाटीत घालून आतला बंध तोडा, मांडी मोकळी होते. मग पाठीचा पट्टा, मान, आणि शेवटच्या बरगडीमागे हात घालून आतला टेंडरलॉइन. उलटवा, पुन्हा तेच. चार तंगड्या, पाठीचे पट्टे आणि टेंडरलॉइन खाण्याजोगे बाहेर काढणं कायद्यानं बंधनकारक आहे. लिंगाचा पुरावा एका मांडीला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवा. इथेच बरेच जण चुकतात, सगळं साफसूफ करून ठेवतात आणि सुटं डोकं दाखवतात, ते चालत नाही. टॅगवर सही आणि तारीख जनावर पडल्याबरोबर, फोटोच्या आधी.

मांस बिघडतं ते खुब्यापासून. मांडी जाड, आतली ऊब निघत नाही, आणि ऑक्टोबरात दुपारी चांगलं ऊन असतं. संध्याकाळी पाडलं तरी सकाळपर्यंत ठेवू नका. निदान मांडी हाडापर्यंत चिरून, पिशवीत घालून सावलीत टांगा. पाच-सहा गेम बॅग (मांसाच्या कापडी पिशव्या), सुऱ्यांची सुटी पाती, ५० फूट दोर, दोन हेडलॅम्प. जमिनीवर ठेवायचंच असेल तर खाली आडव्या फांद्या रचा.

रस्ता. कोरडा असताना साधी फोर बाय फोर जाते. एक पाऊस पडला की तिथली चिकणमाती चाकांना अशी लिंपली जाते की टायरची नक्षीच दिसत नाही, आणि गाडी उताराच्या बाजूला सरकते. चारही चाकांना साखळ्या, फावडं, आणि घसरायच्या आधी साखळी चढवायचं शहाणपण. पहाटे चिखल गोठलेला असतो तेव्हा निघा. सॅटेलाइट मेसेंजर तिघांत निदान एक.

धनंजय

प्रेषक: निखिल

धनंजयदादा, मीनलताई, सुहासकाका, आभार. दोन गोष्टी: मांस डॅलसपर्यंत कसं आणायचं, आणि मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात एल्कचा रस्सा ठेवता येईल का?

प्रेषक: मीनल

तिकीट लावलेल्या जेवणात नाही. शिकारीचं मांस विकता येत नाही, आणि ताटाचे पैसे घेतले की ती विक्रीच झाली. घरी बोलावून वाढा.

हरणवर्गीय जनावरांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे, म्हणून बरीच राज्यं मेंदू आणि पाठीचा कणा आत येऊ देत नाहीत. हाडं काढून आणा, शिंगं हवी असतील तर कवटीचा वरचा तुकडा आतून पूर्ण खरवडून. डोकं तिथल्या केंद्रावर तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत पाकिटांवर जनावराचा नंबर लिहून फ्रीझरमध्येच ठेवा. शिजवल्यानं तो रोग जात नाही.

कूलर १०० क्वार्टचे दोन, बर्फासकट २०० पाउंड मांस त्यात बसतं. सुटा बर्फ नको, गॅलनच्या बाटल्यांत पाणी गोठवून न्या. बूच उघडं आणि कूलर किंचित तिरका, म्हणजे मांस पाण्यात भिजत नाही. ड्राय आइस वापरला तर गाडीच्या काचा थोड्या उघड्या.

पायाच्या नळ्या टाकू नका. एल्कला चरबी जवळपास नसतेच, पट्टे जास्त शिजवले की चामडं होतं, पण नळीवरचं मांस तीन-चार तास मंद आचेवर मटणाच्या वाटणात छान सुटतं. वरचा पांढरा पडदा मात्र आधी काढा.

मीनल