सोसायटीचा ग्रुप: पोदेराचा भोंगा आणि जन गण मन

(म्हापसा, गोवा. पोदेर म्हणजे सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकणारा; उंडे, पोयो, काकणं हे त्याच्याकडचे पाव. ग्रुपचं नाव ‘आपली सोसायटी – फक्त महत्त्वाचं’)

१५ ऑगस्ट

गावस (सेक्रेटरी), ए-१०२: सर्वांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. ध्वजारोहण छान झालं. जिलेबी उरली आहे, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे, मुलांना पाठवा. आता एक गंभीर गोष्ट. राष्ट्रगीत चालू असताना पोदेर गेटपाशी पों पों करत उभा होता आणि सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी त्याला ‘चार उंडे, दोन पोयो’ अशी हाक मारली. व्हिडिओ खाली टाकला आहे. पोदेराला मी सर्वांसमोर थांबवून समज दिली. सभासदाने स्वतःहून पुढे यावं.

नमिता नाईक, सी-३०२: पुढे काय यायचं, व्हिडिओत माझा गाऊन ओळखू येतोय. मीच ती. घरात मिक्सर चालू होता, खालचं गाणं वरपर्यंत आलं नाही. भोंगा आला, कारण रोज सकाळी कान तिकडेच असतो. सासरे आजारी आहेत, चहात बुडवलेला उंडा एवढंच त्यांच्या पोटात जातं.

शिरोडकर, बी-२०१: वहिनी, राग मानू नका, पण वर्षातून एकदा पाच मिनिटं खाली यायला काय हरकत आहे?

नमिता नाईक: तुम्ही येऊन बसा सासऱ्यांजवळ, मी येते खाली.

कुलकर्णी, ए-३०१: वैयक्तिक नको. मुद्दा पोदेराचाही नाही, वहिनींचाही नाही. राष्ट्रगीत कानावर पडलं की माणसाने आहे तिथे थांबावं, एवढंच. आमच्या शाळेत घंटेचा शिपाईसुद्धा हातातला हातोडा खाली ठेवून उभा राहायचा. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

फर्नांडिस, सी-१०१: गावसबाब, एक विचारतो. व्हिडिओ कोणी काढला? राष्ट्रगीत चालू असतानाचाच आहे म्हणून विचारलं.

शिरोडकर: 😀😀

गावस (सेक्रेटरी): पुरावा म्हणून काढला. पाठीमागे उभं राहून. मी स्वतः झेंड्यापाशी होतो.

फर्नांडिस: म्हणजे कोणीतरी सावधान सोडून मोबाईल वर केला. बरं.

*हा संदेश काढून टाकला आहे.*

कामत वकील, बी-१०२: शिरोडकर, संदेश काढलात ते बरं केलंत, पण आम्ही वाचला. ‘ते लोक’ वगैरे इथे चालणार नाही. पोदेर कुठल्या देवळात किंवा इगर्जीत जातो याचा पावाशी संबंध नाही आणि राष्ट्रगीताशी तर नाहीच नाही.

शिरोडकर: तसं म्हणायचं नव्हतं. सॉरी फर्नांडिसबाब.

फर्नांडिस: ओके.

अनन्या (बाबांच्या फोनवरून), बी-३०२: काका, एक सांगू? स्पीकरवर जे लावलं होतं ते राष्ट्रगीत १ मिनिट ४८ सेकंद चाललं. आधी बासरी, मध्ये सतार, शेवटी परत बासरी. आम्हाला शाळेत शिकवलंय की पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांत संपतं. तेवढ्यात संपलं असतं तर पोदेर गेटपाशी पोचलाच नसता. आणि त्याच्याआधी केसांच्या तेलाची जाहिरात लागली, तिलाही सगळे सावधानमध्येच होते.

नमिता नाईक: 😂😂😂 अनन्या, संध्याकाळी ये गे घरी, पातोळ्या केल्यात.

गावस (सेक्रेटरी): नेटवर्क स्लो होतं म्हणून जाहिरात आली. झेंड्याला इस्त्री, खांबाला रंग, दोरी, फुलं हे सगळं दरवर्षी मी एकटा करतो. आदल्या रात्री मदतीला या म्हणून मेसेज टाकला तर तीन अंगठे आले, माणूस एक आला नाही. हसायला सगळे आहेत.

कुलकर्णी: गावस, तुमच्या कष्टांबद्दल कुणाचं दुमत नाही.

मांद्रेकर, ए-२०१: *फॉरवर्ड केलेलं* अभिमानाची गोष्ट!! युनेस्कोने आपल्या जन गण मन ला जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत जाहीर केलं आहे!! किमान दहा जणांना पाठवा!!

कामत वकील: मांद्रेकर, हे दरवर्षी येतं आणि दरवर्षी खोटं असतं. युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. आपल्या राष्ट्रगीताला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज आहे का?

मांद्रेकर: मला मेव्हण्याने पाठवलं.

१७ ऑगस्ट

नमिता नाईक: पोदेर काल आला नाही. आजही नाही. कोणाला काही माहीत?

वैशाली, सी-२०२: आमच्याकडेही नाही. काल दुकानातला स्लाइस ब्रेड आणला, मुलांनी तोंड वाकडं केलं.

फर्नांडिस: मी त्याला मागच्या रस्त्यावर गाठला. म्हणाला, त्या कंपाउंडात आता येत नाही. पावसाचं प्लास्टिक टोपलीवरून डोक्यापर्यंत ओढलेलं, स्वतःचा भोंगा कानाशी, आत काय चाललंय ते भिंतीपलीकडून दिसत नाही. आत आला तेव्हा सगळे स्तब्ध उभे. त्याला वाटलं कोणीतरी वारलं. म्हणून तोही भोंगा सोडून उभा राहिला. हे व्हिडिओत आहे, शेवटी बघा. सायकल मांडीला टेकवून, दोन्ही हात खाली. मग संपल्यावर सर्वांसमोर त्याला ‘भारतात राहतोस ना?’ असं विचारलं गेलं. माझं मराठी टायपिंग चुकतं, समजून घ्या.

वैशाली: व्हिडिओ परत पाहिला. खरंच उभा आहे तो.

गावस (सेक्रेटरी): मी रागाच्या भरात बोललो असेन. पण शिस्त लावायला कोणीतरी बोलायलाच हवं. आज भोंगा, उद्या डीजे. कायदा आहे की नाही याला?

कामत वकील: आहे. सांगतो, पण पूर्ण ऐकून घ्या. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा कायदा, कलम ३. कोणी राष्ट्रगीत गायला जाणूनबुजून अडथळा केला किंवा ते गाणाऱ्या जमावात गोंधळ घातला, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही. पाव विकायचा रोजचा भोंगा यात बसत नाही. उभं न राहणं हा त्या कलमात लिहिलेला गुन्हा नाही. संविधानाच्या ५१ अ मध्ये राष्ट्रगीताचा आदर हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय, ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलं. त्याला शिक्षा जोडलेली नाही. गृहखात्याच्या सूचना आहेत, राष्ट्रगीत गायलं-वाजवलं जाईल तेव्हा श्रोत्यांनी सावधान उभं राहावं. त्याच सूचनांत असंही आहे की माहितीपटात किंवा वृत्तचित्रात मधेच राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उठायची अपेक्षा नाही, उगाच गोंधळ होईल.

वैशाली: मग घरी टीव्हीवर मॅचच्या आधी लागतं तेव्हा? आमच्याकडे सासूबाई उठतात, नवरा सोफ्यावरून ‘लाव गे आवाज’ म्हणतो.

कामत वकील: तो तुमच्या घरचा खटला. मी घेत नाही.

कुलकर्णी: वकीलसाहेब, कायदा किमान गोष्ट सांगतो. रांगेत घुसू नये असाही कायदा नाही, तरी आपण घुसणाऱ्याला टोकतो. प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे ठरवायचं म्हटलं, तर सगळ्यांनी मिळून करायचं असं काही उरतच नाही. ५२ सेकंद एकत्र उभं राहणं हे त्यातलं सर्वांत स्वस्त काम आहे.

कामत वकील: यातलं बरंचसं मला पटतं. पण टोकण्याची मजल कुठे जाते ते आपल्याच पणजीत पाहिलंय. २०१६ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका माणसाला मागून मारलं. तो व्हीलचेअर वापरणारा लेखक होता, पाठीच्या कण्याला इजा. उठणार कसा? त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने थिएटरांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं, नंतर दिव्यांगांना सूट द्यावी लागली, आणि ९ जानेवारी २०१८ ला सक्तीच काढून ऐच्छिक केलं. लावलंत तर प्रेक्षकांनी मान राखावा, पण लावायलाच हवं असं नाही.

वैशाली: हे पणजीचं मला माहीत नव्हतं. कसं वाटलं असेल त्याला.

कामत वकील: आणि त्याही आधी १९८६ चा केरळचा निकाल. शाळेतली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताला शांत उभी राहायची, गायची नाहीत, धर्म आडवा येतो म्हणून. शाळेने १९८५ मध्ये काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

कुलकर्णी: पण ती मुलं उभी राहत होती! म्हणजे तुमचाच दाखला माझ्या बाजूने आहे.

कामत वकील: अर्धा तुमच्या बाजूने आहे, मान्य. उभं राहणं हा आदरच, कोर्टानेही तसंच धरलं. आणि पोदेरही उभाच होता, हे विसरू नका.

१८ ऑगस्ट

अनन्या (भाऊआजोबांसाठी टाइप करतेय, ते बोलतायत), बी-३०२: मी पेडण्याचा. दहा वर्षांचा असताना, १५ ऑगस्ट १९५५ ला, गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हा, हद्दीवरच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हातात तिरंगा घेऊन हद्द ओलांडत होती माणसं. गावात दोन दिवस चुली धड पेटल्या नाहीत. आणि त्याच काळात मी पोर्तुगीज शाळेत रोज सकाळी त्यांचं राष्ट्रगीत म्हणत होतो. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता. शेवटच्या ‘मार्शार, मार्शार’ला मात्र सगळ्या पोरांचा आवाज चढायचा, कारण त्यानंतर बसायला मिळायचं. मास्तर रांगेतून फिरायचा. कोणाची मान वाकडी, कोण पाय हलवतो, ते बघायचा. मान सरळ ठेवायला मी तिथे शिकलो. गावसा, तुझा राग मला कळतो, पण परवा तू रांगेतून फिरलास तेव्हा मला तो मास्तर आठवला.

शिरोडकर: भाऊ, माफ करा, पण ते परक्यांचं होतं. आपलं आपलं आहे. तुलना बरोबर नाही.

अनन्या (भाऊआजोबा): बरोबर बोललास. तुलना पूर्ण नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर पहिल्यांदा जन गण मन म्हटलं तेव्हा आम्हाला तेही धड पाठ नव्हतं. रेडिओवर ऐकून शिकलो. कोणी ‘उच्छल’च्या जागी काहीही म्हणे. मास्तर नव्हता, फिरणारा नव्हता, तरी कोणी हललं नाही. म्हणून तर सांगतो. जे आपोआप होतं तिथे पहारा कशाला ठेवतोस? मी गुडघे बदललेला माणूस, खुर्चीचा हात धरून उभा राहिलो परवा. नसतो राहू शकलो तर माझाही व्हिडिओ आला असता काय?

गावस (सेक्रेटरी): भाऊ, तुमचा कधीच नाही.

नमिता नाईक: माझा आला की.

मांद्रेकर: पाणी किती वाजता सोडणार आज? टाकी रिकामी आहे.

गावस (सेक्रेटरी): पाच वाजता. व्हिडिओ ग्रुपमधून काढतो आहे. नमितावहिनी, तो टाकायला नको होता. पण कुलकर्णी म्हणतात तेही मी सोडणार नाही. कार्यक्रम चालू असताना गेटवर ये-जा नको, हे मी लिहिणारच.

कामत वकील: लिहा. गेट बंद ठेवणं हे आयोजकाचं काम आहेच. पोदेराला भोंग्यावरून झापण्याआधी वॉचमनला गेटवर उभा केला असता तर हा ग्रुप चार दिवस इतका जागा राहिला नसता.

वैशाली: आणि स्पीकर नको. आपणच म्हणू या. मुलांना दोन संध्याकाळी बसवू. माझ्या धाकट्याला ‘विंध्य हिमाचल’ पर्यंत येतं, पुढे तो थेट ‘जय हे’वर उडी मारतो.

कुलकर्णी: याला माझा पूर्ण पाठिंबा. सूर मी धरतो.

शिरोडकर: सर, सूर अनन्याला धरू दे 🙏

१९ ऑगस्ट

गावस (सेक्रेटरी): मसुदा टाकतो आहे. ‘गोवा मुक्तिदिन, १९ डिसेंबर, सकाळी ठीक ८ वा. ध्वजारोहण. राष्ट्रगीत सर्वांनी मिळून म्हणायचे आहे, स्पीकर लावला जाणार नाही. ७.५५ ते ८.१० गेट बंद राहील, वॉचमन बाहेर थांबून येणाऱ्यांना कल्पना देईल. ज्यांना उभे राहणे शक्य नाही त्यांच्यासाठी खुर्च्या असतील. कार्यक्रमादरम्यान मोबाईल खिशात ठेवावा. बेशिस्त वर्तन करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’

कामत वकील: शेवटचं वाक्य काढा.

गावस (सेक्रेटरी): ‘अपेक्षित नाही’ लिहू?

कामत वकील: काहीच नको. खुर्च्यांपर्यंत बरं आहे, मोबाईलचं तर उत्तमच.

फर्नांडिस: गावसबाब, आज संध्याकाळी मी पोदेराच्या भट्टीवर जातोय. तुम्ही येता? मी एकटा सांगितलं तर तो यायचा नाही.

गावस (सेक्रेटरी): साडेपाचनंतर. पाणी सोडून येतो. पण माफी वगैरे मागणार नाही, नीट समजावून सांगेन.

नमिता नाईक: समजावायला जाऊ नका, पाव आणायला जा. मला सहा उंडे.

वैशाली: मला चार पोयो. काकणं मिळाली तर तीही.

कुलकर्णी: आम्हाला दोन उंडे. आणि खुर्च्या किती लागतील ते आत्ताच मोजा, मागच्या वेळी हॉलमधल्या चार मोडक्या निघाल्या होत्या.