मदत हवी आहे : अपघाताबद्दल मुलाला पुन्हा बोलतं करणारी थेरपी, कोणाला अनुभव आहे का?

माझा भाचा 13 वर्षांचा आहे. काही महिन्यांपूर्वी वडिलांबरोबर गाडीत असताना मोठा अपघात झाला. शरीराने दोघंही सावरले. पण हा रात्री दचकून उठतो, गाडीत बसायचं नावच काढत नाही, अपघाताचा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. एवढ्यातेवढ्यावरून चिडतो; हा त्याचा स्वभाव नव्हे.

डॉक्टरांनी पीटीएसडीचं, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचं निदान करून ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (अशा आघातासाठीची, विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) सुचवली आहे. ताई तिथेच अडली आहे. या थेरपीत घडलेलं सगळं मुलाने सांगायचं किंवा लिहायचं असतं, हे ऐकल्यापासून ती म्हणते, "खपली कशाला काढायची? विसरेल हळूहळू." मला हे पटत नाही. विसरत असता तर ब्रेकच्या आवाजाने त्याचे हात थरथरले नसते. पण आईच्या जिवाला वाटणारी धास्ती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही.

मी जे वाचलंय त्यानुसार पहिल्याच सेशनला कोणी अपघाताबद्दल खोदून विचारत नाही. शरीर आणि मन असं का वागतंय हे आधी मुलाला आणि आईवडिलांना समजावतात, श्वासाचे आणि शरीर सैल सोडण्याचे व्यायाम शिकवतात. घटनेकडे वळतात ते त्यानंतर, त्याला झेपेल तसं. साधारण 12 ते 16 सेशन्स, आणि पालकांचा त्यात मोठा सहभाग. ब्रिटनमधल्या 'नाइस' या उपचारांबद्दल सूचना देणाऱ्या संस्थेच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांतही मुलांसाठी हीच पद्धत आधी सांगितली आहे. तिचा उपयोग झाला नाही तर 7 ते 17 वयात ईएमडीआरचा (डोळ्यांच्या हालचाली करवून घेत त्रासदायक आठवणींवर काम करणारी थेरपी) विचार करावा, आणि 18 वर्षांखालच्या मुलांना पीटीएसडीसाठी औषधं देऊ नयेत, असंही त्यात आहे.

कागदावरचं हे कळलं. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांच्याकडून मला पुढचं ऐकायचंय. घटना सांगायला लागल्यावर मधल्या काळात त्रास वाढला का, आणि तेव्हा घरी तुम्ही काय केलंत? मूल बोलायलाच तयार नसेल तर थेरपिस्ट काय करतात? शिवाय वडीलही त्याच गाडीत होते, अजून नीट झोपत नाहीत. अशा वेळी मुलाबरोबर सेशनला आईने जावं की वडिलांनी? थेरपिस्ट निवडताना नेमकं काय विचारायचं हेही सांगा. नुसतं समुपदेशन आणि या थेरपीचं खास प्रशिक्षण यांत फरक आहे एवढंच मला ठाऊक आहे.

उत्तरं ताईलाही वाचायला देणार आहे. त्रास झाला असेल तर तोही मोकळेपणाने लिहा, फक्त पुढे काय झालं ते अर्धवट सोडू नका.