पोराला काय सांगू? मार्कच्या शेवटच्या वचनांबद्दल मदत हवी

संडेस्कूल ताई, खानापूर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला हाय, गेल्या रविवारी घरी आला तर उपासनेला यायलाच तयार नाही. होस्टेलवर पोरांनी मिळून कुठला तरी इंग्रजी पिक्चर बघितला म्हणे आणि तेव्हापासून मोबाईलवर तसल्याच रील्स येऊलाल्यात. मला विचारतो, आई, ३२५ साली नायसीयाच्या बिशपांच्या सभेत रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहानं मतं घेऊन येशूला देव ठरवलं, शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठली पुस्तकं ठेवायची तेपण तिथंच ठरलं, हे पाळकांनी कधी सांगितलं काय? येशूची शिष्या मरीया मग्दालीया, तिचं येशूशी लग्न झालेलं ते चर्चनं लपवलं म्हणे. हे सगळं मी झटकून टाकलं. पण मग त्यानं मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा १६ वा अध्याय उघडला, म्हणाला ९ ते २० वचनं जुन्या प्रतींत नाहीतच. बघितलं तर आमच्याच शास्त्रात खाली बारीक अक्षरात टीप हाय! पंचवीस वर्षं मुलांना शिकवते, ती टीप कधी वाचलीच नव्हती. रात्रभर झोप नाही. काय सांगू त्याला?

निपाणीकर

ताई, पहिला तो मोबाईल बाजूला ठेवायला सांगा. असले पिक्चर विश्वास हलवायलाच काढलेले असतात. उपास करून प्रार्थना करा, आम्हीपण करतो.

कॅम्पातले काका, बेळगाव

प्रार्थना करूयाच, पण निपाणीकर, पोरगं प्रश्न विचारूलालंय आणि आपण मोबाईल काढून घेतला तर त्याला वाटणार आईकडं उत्तरच नाही.

ताई, नायसीयाचं आधी. ती सभा भरली अरियस नावाच्या पाळकाच्या शिकवणीवरून, पुत्र हा निर्माण केलेला की पित्याच्याच तत्त्वाचा, हा वाद. पुस्तकांची यादी तिथं ठरलीच नाही. आज आपल्याकडं असलेली नव्या करारातली २७ च्या २७ पुस्तकांची नावं अथनासियस बिशपानं ३६७ सालच्या पत्रात लिहिली, आणि चारच शुभवर्तमानं हे इरेनियस बिशप १८० च्या सुमारालाच सांगून बसलाय. येशूला प्रभू म्हणून गुडघे टेकायचं तर पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातच हाय, नायसीयाच्या अडीचशे वर्षं आधी. बादशहानं काय देव ठरवायचा!

आता मार्क. तुमचा पोरगा खरं बोलतो. सिनाई आणि व्हॅटिकनची चौथ्या शतकातली हस्तलिखितं ८ व्या वचनावर थांबतात, बायका भिऊन कबरेपासून पळाल्या तिथं. पण ह्यात लपवलेलं काय नाही, टीप छापलीय की. माझी आजी भजनांची वही ठेवायची, तिच्यावरून मावशीनं उतरवली, आत्यानं उतरवली, मंडळीतल्या दहा घरांत गेली. एकीनं एक ओळ गाळली, दुसरीनं शेवटी आपल्याच मनाचं कडवं जोडलं. आजीची वही पुरात गेली, तरी दहा वह्या शेजारी ठेवल्या की तिनं काय लिहिलेलं ते कळतं, कारण सगळ्याजणी एकाच ठिकाणी चुकत नाहीत. नव्या कराराच्या ग्रीक हस्तप्रती ५ हजारांवर आहेत. एवढ्या वह्या म्हणूनच कुठलं कडवं मागनं आलं ते सापडतं. आणि पुनरुत्थान काय त्या बारा वचनांवर उभं नाही, ६ व्या वचनातच तरुण सांगतो तो उठला आहे, करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्यायपण बघा.

मग्दालीयेचं लग्न चारही शुभवर्तमानांत कुठंच नाही. पण एक बोलतो, राग मानू नका. आपल्या ईस्टरच्या नाटकात आपण तिला वेश्या दाखवतो, तेपण कुठंच नाही! पोप ग्रेगरीनं ५९१ च्या प्रवचनात ती आणि लूकमधली पापी बाई अशा वेगवेगळ्या बायका एकच करून टाकल्या, तिथनं ते चिकटलं. नाताळात तीन राजे गोठ्यात आणतो, मत्तयात मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा आकडाच नाही आणि ते आलेत घरात. पिक्चरवाल्यांना बोलायच्या आधी आपलं स्टेज बघायला पाहिजे.

अथणी

काकांचं पटलं, पण सगळं एवढं सरळ हाय असं पोराला सांगू नका. लूकच्या दुसऱ्या अध्यायातली येशूच्या जन्मावेळची नावनिशी, म्हणजे शिरगणती घ्या, क्विरीनिय सुभेदार असतानाची. जुना यहुदी इतिहासकार योसेफस, त्याच्या हिशोबानं ती इ.स. ६ ची, आणि मत्तय म्हणतो येशू हेरोद राजा असताना जन्मला, तो हेरोद वारला इ.स.पू. ४ ला असं बहुतेक इतिहासकार मानतात. जवळजवळ दहा वर्षांचं अंतर. ह्यावर लोकांनी बरीच उत्तरं दिलीत, सगळ्यांना पटलेलं एकपण नाही. मी कॉलेजात असताना हेच विचारलं तर मला गप्प बसवलं, आणि त्या गप्प बसवण्यानं मी सात वर्षं मंडळीबाहेर राहिलो. प्रश्नानं नव्हे. आपल्या बेळगावातच १८३१ ला जन्मलेले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी बघा, वाचत, भांडत, घाबरत शेवटी १८५४ ला बाप्तिस्मा घेतला. त्यांना कुणी विचारू नको म्हटलं असतं तर?

संडेस्कूल ताई, खानापूर

काका, वहीचं फोनवर सांगितलं त्याला. लगेच म्हणाला, मग ते जादा कडवं कुणी लिहिलं, कधी? भावा, नावनिशीचंपण मीच आधी सांगितलं, तर म्हणाला तुला हे माहीत होतं? खरं सांगितलं, कालच कळलं. शनिवारी येतोय, मार्क पहिल्यापासून १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनापर्यंत दोघांनी बसून वाचायचं ठरलंय. निपाणीकर, प्रार्थना चालू ठेवा. नाताळाच्या नाटकात मागी किती घेऊ मग, पाच पोरं नावं देऊन बसलीत.