मिझोरामचे बंडखोर नेते लालडेंगांना मुख्यमंत्री केलं, ते बरोबर होतं का?

अंत्रूजकर
घटक राज्य दिनाला आमच्या वाचनालयात भाषण झालं. वक्ते म्हणाले, गोवा हे 25 वं राज्य. मागून एकाने विचारलं, मग 23 वं कुठलं? सगळे गप्प. मिझोराम हो, 20 फेब्रुवारी 1987. आपल्या आधी तीन महिने, आणि वीस वर्षं भारतीय लष्कराशी लढून!

माझं म्हणणं असं की ईशान्येतला सगळ्यात टिकलेला शांतता करार मिझोरामचाच, कारण दिल्लीने बंडखोरांना नुसता कागद दिला नाही, कारभार दिला. 30 जून 1986 ला लालडेंगांबरोबर सही करणारे गृहसचिव राम प्रधान, आपले मराठी गृहस्थ, त्याच दिवशी निवृत्त होत होते. पुढे काँग्रेसचे लालथनहावला मुख्यमंत्रीपदावरून उठले, उपमुख्यमंत्री झाले आणि लालडेंगांना बसवलं. आपल्याकडे पंचसुद्धा खुर्ची सोडत नाही.

पेडण्याचा मास्तर
सपशेल असहमत. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात आमच्या आजोबांनी फुलावर शिक्का मारला, गोवा महाराष्ट्रात विलीन करण्यासाठी. 34,021 मतांनी हरलो. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही, पण बंदूक कुणी उचलली नाही. जिंकलेल्यांनाही राज्य मिळायला वीस वर्षं लागली. तिकडे 28 फेब्रुवारी 1966 च्या रात्री लालडेंगांच्या मिझो नॅशनल फ्रंटने ऐजॉल, लुंगलेई, चम्फाईवर एकदम हल्ले चढवले आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य जाहीर केलं. 1975 मध्ये पोलीस महानिरीक्षकांसह तीन अधिकाऱ्यांना ऐजॉलमध्ये गोळ्या घातल्या. 1976 चा समझोता फिसकटला. आणि एवढं होऊन बक्षीस मुख्यमंत्रीपद? रांगेत उभा राहणारा मूर्खच ठरला म्हणायचा.

सत्तरीतला
मास्तर, 1966 पासून कशाला सुरू करता, 1959 पासून करा. आमच्याकडे माणग्याला, म्हणजे बांबूला, फुलोरा आला की म्हातारी माणसं अजून चेहरा पाडतात. तिकडे साधारण 48 वर्षांनी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात. बांबूची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि फळं संपली की भातशेतीत उतरतात. एका रात्रीत शेत साफ. याला ते माउताम म्हणतात. तेव्हा तो आसामचाच एक जिल्हा. तिथल्या जिल्हा परिषदेने इशारा आधीच दिला होता, आसाम सरकारने तो मनावर घेतला नाही. तेव्हा तांदूळ पोचवायला उभी राहिलेली संघटना म्हणजे मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. 1961 मध्ये नावातला 'फॅमिन' गळला, बस्स. लालडेंगा तोवर आधी लष्करात हवालदार, मग परिषदेत हिशेबनीस. फुटीर म्हणून जन्माला आलेला माणूस नव्हे. आणि 5 मार्च 1966 ला आपल्याच हवाई दलाने ऐजॉलवर बॉम्ब टाकले, तेही रांगेत उभं राहण्याच्या हिशेबात धरा.

डिचोलीची
माझ्याबरोबर पणजीच्या हॉटेलात लुंगलेईकडची एक मुलगी काम करते. 1967 पासून लष्कराने विखुरलेली गावं उठवून हमरस्त्यालगत कुंपणात आणून वसवली. तिच्या आजीचं गाव त्यातलंच. डोक्यावर मावेल तेवढं घ्या म्हणाले, उरलेलं धान्य घरांसकट जाळलं. वर एक कागद, की गाव आम्ही खुशीने सोडतोय. कुंपणात सकाळ-संध्याकाळ शिटी वाजवून हजेरी. म्हातारपणीसुद्धा शिटी ऐकली की आजी उठून दारात उभी राहायची, म्हणे.

खुर्ची वगैरे ठीक आहे हो. पण ऐंशीच्या दशकात दोन्ही बाजूंना 'आता पुरे' म्हणत चर्चचे लोक फिरत होते. त्यांच्याशिवाय हे जमलंच नसतं.

अंत्रूजकर
चर्चचं मान्य, माझ्याकडून राहिलं. पण मास्तर, कसोटी 1986 ला नाही, 1988 ला लागली. लालडेंगांचे आमदार फुटले, सरकार पडलं. 1989 ची निवडणूक हरले. जंगल ओळखीचं होतं, तरी कुणी जंगलात गेलं नाही. 1990 मध्ये ते वारले. त्यांचे सहकारी झोरमथंगा 1998 ला मतं मिळवूनच मुख्यमंत्री झाले.

पेडण्याचा मास्तर
आमदार फुटून सरकार पडलं? मग ते खरे गोंयकार!

ताळगावकर
सगळे टिकलं टिकलं म्हणताय, कुणासाठी टिकलं? 1997 मध्ये त्याच मिझोराममधून ब्रू या लहान जमातीचे लोक हजारोंनी त्रिपुरात पळाले. छावण्यांत दोन दशकं काढली आणि 2020 चा करार झाला तो त्यांना त्रिपुरातच वसवण्याचा. घरी परत नेण्याचा नव्हे. ह्मार या तिथल्याच दुसऱ्या जमातीलाही आपला वेगळा करार 1994 पर्यंत मिळाला नाही. 1986 च्या टेबलावर यांची खुर्ची कुठे होती? एकाला राज्य दिलं की त्याच्या पोटातले लहान गट उघडे पडतात, आणि मोठा भाऊ झालेला कालचा बंडखोर दिल्लीसारखाच वागतो.

अंत्रूजकर
याला माझ्याकडे उत्तर नाही. बंदुका थांबल्या, एवढ्यापुरतंच माझं म्हणणं धरा.

पेडण्याचा मास्तर
ब्रूंचा मुद्दा ताळगावकरांनी मांडला तो मलाही पटला. बाकी माझं मत तेच. डिचोलीच्या ताई, एक विचारायचं होतं. त्या कागदावर सही कुणाची? घरटी एकेकाची की गावाच्या वतीने एकाची?

डिचोलीची
विचारलं. गाव परिषदेच्या अध्यक्षाची, एकट्याची. आजीला लिहिता-वाचता येत होतं, पण तिला कागद कुणी दाखवला नाही.