आर्केडमधलं दोघांचं माजाँग हे माजाँग आहे का?

पूर्वेचा_वारा

माझं मत आधीच सांगून टाकतो. जपानी गेम सेंटरमधलं जुनं माजाँग, म्हणजे यंत्रापुढे आपण एकटे आणि समोर संगणक, हे माजाँग नाही. सोंगट्या त्याच, खेळ दुसराच. 1981 च्या 'जानप्यूटा'पासून हा प्रकार सुरू झाला आणि पुढे दोन दशकं गेम सेंटरमध्ये बहुतेक हाच चालला.

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खेळ चौघांचा, सोंगट्यांचे 34 प्रकार, प्रत्येकी 4, एकूण 136. हातात 13 असतात, एक उचलायची, एक टाकायची. चार तिकड्या आणि एक जोडी जमली की हात लागला. इथपर्यंत आपल्या रमीसारखंच वाटेल. पण टाकलेल्या सोंगट्या प्रत्येकाच्या पुढ्यात सहा-सहाच्या ओळीत, टाकल्या त्याच क्रमाने, उघड्या पडून असतात. कोणी 'रीची' पुकारली, म्हणजे जिंकायला आता एकच सोंगटी हवी असं जाहीर केलं, की तो टाकलेली सोंगटी आडवी ठेवतो, 1000 गुणांची काडी पुढे सरकवतो आणि उरलेले तिघं त्या ओळी वाचायला लागतात. त्यात फुरितेनचा नियम आहे: जी सोंगटी हवी ती स्वतःच आधी टाकून बसलात, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही. म्हणून रीची पुकारणाऱ्याने आधी टाकलेली सोंगटी आपण टाकली तर ती त्याच्यापुरती पूर्ण सुरक्षित. ज्याच्या सोंगटीवर हात लागतो तोच सगळे गुण भरतो, त्यामुळे चांगला खेळाडू कितीतरी डावांत आपला जमत आलेला हात मोडतो आणि नुसता बचाव करतो. मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

दोघांच्या यंत्रात हात मोडून काय करणार? जिंकला नाहीत तर नाणं संपलं. शिवाय कित्येक यंत्रांत संगणकाला पहिल्या दोन-तीन उचलींतच तयार हात मिळायचा, तिथे वाचायला ओळच नसते. आणि बक्षीस काय? 1987 च्या 'सुपर रिअल माजाँग पी-टू'मध्ये डाव जिंकला की पडद्यावरच्या मुलीचे कपडे उतरायचे. अशा यंत्रांनी या खेळाचं नाव खराब केलं, असं मला मनापासून वाटतं.

निशीकासाईकर

साफ असहमत. चार जण आणायचे कुठून? टोकियोत नोकरीला आलेल्या माणसाला जपानी माजाँगच्या अड्ड्यावर पाय ठेवायलाच धीर लागतो. 18 वर्षांखालच्यांना तिथे प्रवेशच नाही. आणि अनेक ठिकाणी टेबलावर पैसे असतात. मे 2020 मध्ये टोकियो उच्च अभियोक्ता कार्यालयाचे प्रमुख हिरोमु कुरोकावा यांना पत्रकारांसोबत पैसे लावून माजाँग खेळल्याबद्दल पद सोडावं लागलं. दर 1000 गुणांना 100 येन. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस जिथे अडकतो तिथे नवख्याने कशाला जायचं?

त्याच 100 येनच्या नाण्यात यंत्र कोणालाही बसू देतं. ए ते एन अशी 14 बटणं एका ओळीत, हातातल्या प्रत्येक सोंगटीला एक. त्यांच्यासोबत संच मांडायला कान, पोन, ची, शिवाय रीची, आणि दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकायला रोन. मी हात ओळखायला तिथेच शिकलो. कोणी खोळंबलेलं नाही, कोणी सुस्कारे टाकत नाही. बचाव नंतर शिकता येतो, आधी हात बांधता आला पाहिजे ना? कपड्यांच्या यंत्रांबद्दल तुमच्याशी सहमत, पण सगळीच यंत्रं तशी नव्हती.

बांबूचा_पक्षी

हा वाद 2002 मध्येच मिटलाय. कोनामीचं 'माजाँग फाइट क्लब' आणि सेगाचं 'एमजे' आलं तेव्हापासून गेम सेंटरमध्येच चार खरी माणसं नेटवर्कवरून समोरासमोर येतात. फाइट क्लबमध्ये तर व्यावसायिक खेळाडूंशीही गाठ पडते. 2018 मध्ये एम-लीग ही व्यावसायिक माजाँगची संघांची स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या सात संघांत या दोन्ही कंपन्यांचे संघ होते. आर्केड म्हटलं की 1987 लाच का अडकायचं?

सोंगटीबाज

नेटवर्कचं यंत्रही मला पुरतं पटत नाही. रोनचं बटण तेव्हाच उजळतं जेव्हा जिंकणं नियमात बसतं. म्हणजे फुरितेन लक्षात ठेवायचं काम यंत्राने करून टाकलं. गुणही तेच मोजतं.

शेवटचा डाव घ्या. तुम्ही गुणांत दुसरे आहात, पहिल्यापेक्षा 3500 ने मागे, हातात 2000 चा डाव तयार आहे. तिसऱ्याने तुम्हाला हवी ती सोंगटी टाकली. घेतलीत तर दुसरेच राहाल. तीच पहिल्याने टाकली तर तुमचे 2000 वाढतात, त्याचे 2000 कमी होतात, फरक 4000 चा पडतो आणि तुम्ही पुढे जाता. हे गणित सोंगटी पडायच्या आधी डोक्यात तयार हवं. यंत्रावर वाढलेल्यांचं बोट बटण उजळताच खाली जातं, हे मी स्वतः पाहिलंय.

आणखी एक. नेटवर्कवर सोंगटी पडल्यावर खेळ क्षणभर अडकला, की कोणालातरी ती उचलून पोन किंवा ची करता येते आहे हे कळतं. टेबलावर अशी फुकटची खबर मिळत नाही.

पूर्वेचा_वारा

@सोंगटीबाज, उदाहरण एकदम नेमकं. पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिसरा माणूस असल्याशिवाय हा प्रश्न उभाच राहत नाही. नेटवर्कच्या यंत्रावर तो निदान समोर येतो, बटण उजळलं तरी दाबायचं की नाही हे माणसालाच ठरवावं लागतं. दोघांच्या यंत्रावर मिळेल ते घ्या, दुसरा विचारच नाही.

@निशीकासाईकर, नवख्यांचा मुद्दा मान्य. पण फक्त हात बांधायची सवय लागलेला माणूस टेबलावर आला की रीचीपुढेही धडाधड टाकत सुटतो आणि प्रत्येक डावात गुण भरतो. ती सवय मोडायला फार वेळ जातो.

निशीकासाईकर

जातो वेळ, जाऊ दे. तो माणूस टेबलापर्यंत पोहोचला हे तरी बघा. माझ्यासोबत आता शनिवारी खेळणाऱ्या चौघांपैकी तिघांनी पहिली रीची यंत्रावरच पुकारली होती, आणि त्यातला एक इतका सावध खेळतो की त्याच्याकडून रोन काढणं मुश्कील. तुमचं मत बदलायचं असेल तर त्याच्या डाव्या हाताला बसून दाखवा.